चरबी फुटते कशी, अडते कुठे?

प्रश्न : उपाशी असताना मेदपेशीतली चरबी फुटते आणि जेवल्यावर थांबते. पेशीला हे कळतं कसं?

उत्तर : संप्रेरकांवरून. मेदपेशीतल्या ट्रायग्लिसराइडच्या (एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली चरबी) मोठ्या थेंबावर पेरिलिपिन-१ या प्रथिनाचा थर असतो. चरबी फोडणाऱ्या एटीजीएल या विकराला जोर यायला सीजीआय-५८ हे मदतनीस प्रथिन लागतं आणि एरवी पेरिलिपिन त्यालाच धरून बसतं. उपासात किंवा व्यायामात नॉरॲड्रेनॅलिन हे संप्रेरक पेशीवरच्या बीटा ग्राहींना चिकटतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि प्रोटीन कायनेज-ए हे विकर कामाला लागतं. त्यानं पेरिलिपिनवर फॉस्फेट चढवलं की सीजीआय-५८ सुटतं. मग एटीजीएल पहिलं मेदाम्ल तोडतं, एचएसएल हे विकर दुसरं, मोनोग्लिसराइड लायपेज हे विकर तिसरं. उरतं ग्लिसरॉल.

एटीजीएल सापडलं २००४मध्ये. त्याआधी पहिल्या पायरीचं श्रेयही एचएसएलकडेच जायचं. पण एचएसएल नसलेल्या उंदरांत चरबी फुटत होती आणि डायग्लिसराइड (दोन मेदाम्लं उरलेली चरबी) साचत होतं, म्हणजे अडत होती ती दुसरी पायरी.

जेवणानंतरचं इन्शुलिन पीडीई-३बी या विकराला चालना देतं आणि ते सायक्लिक एएमपीच मोडून टाकतं. यासाठी इन्शुलिन फार थोडं पुरतं, स्नायूंत साखर ओढायला लागतं त्याहून बरंच कमी. टाइप-१ मधुमेहात तेवढंही नसलं तर मेदाम्लांचा लोंढा यकृताकडे जातो, तिथं त्यांचे कीटोन बनतात आणि ते रक्तात वाढतात. चरबी फुटणं म्हणजे जळणं नव्हे, हेही इथंच सांगायला हवं. स्नायूंनी न वापरलेली मेदाम्लं पुन्हा ट्रायग्लिसराइड होऊन साठतात.

प्रश्न : प्रयोगात वेगळ्या केलेल्या मेदपेशींना आयसोप्रोटेरेनॉल (बीटा ग्राहींना चालना देणारं औषध) देतो. औषधाविना असलेली मूळ पातळी दर वेळी वेगळी येते आणि मेदाम्लं फारशी वाढत नाहीत. काय चुकतं?

उत्तर : आधी अल्ब्युमिन (मेदाम्लं धरून ठेवणारं प्रथिन) तपासा. द्रावणात मेदाम्लमुक्त अल्ब्युमिन साधारण २ टक्के हवं. सुटलेली मेदाम्लं धरून ठेवायला काहीच नसेल तर ती पेशीतच साचतात आणि चरबी फुटणं मंदावतं. साधं अल्ब्युमिन स्वतःबरोबर मेदाम्लं घेऊन येतं, त्यामुळे मोजणीच बिघडते.

मूळ पातळी हलते त्यामागे बहुधा ॲडेनोसिन असतं. पेशींतून ते पाझरतं आणि ए-१ ग्राहींमार्फत सायक्लिक एएमपी दाबतं. पेशी जितक्या दाट, तितका दाब जास्त. मिलिलिटरला १ युनिट ॲडेनोसिन डिअमिनेज, म्हणजे ॲडेनोसिन निकामी करणारं विकर, घाला.

आयसोप्रोटेरेनॉलचं द्रावण गुलाबी दिसलं तर ते ऑक्सिडाइझ झालंय, टाकून द्या.

मोजायचं मात्र ग्लिसरॉल. ते परत वापरायला लागणारं ग्लिसरॉल कायनेज हे विकर मेदपेशीत नगण्य, त्यामुळे ग्लिसरॉल परत वापरलं न जाता बाहेर पडतं. मेदाम्लंही जोडीनं मोजा: एका ग्लिसरॉलमागे तीनपेक्षा बरीच कमी आली, तर उरलेली पेशीनं पुन्हा जोडून टाकली.