थोर ऐतिहासिक व्यक्तींची पहिली ओळख कोणत्या पुस्तकांतून करून घ्यावी?

आपण विचारले आहे की शाळा संपल्यावर सुटलेला इतिहास आता पुन्हा वाचावासा वाटतो, तर प्राचीन आणि मध्ययुगीन काळातील थोर व्यक्तींची ओळख करून देणारी, मराठीत मिळणारी आणि फार जाड नसलेली पुस्तके कोणती, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांवर भागेल का? आपण कोल्हापूरचेच आहात असेही लिहिले आहे, म्हणून मी उत्तर शक्यतो इथल्या भोवतालाला धरून देतो.

चरित्र निवडताना मी सर्वांत आधी एक गोष्ट पाहतो. लेखक जे सांगतो ते त्याला कशावरून समजले, हे तो वाचकाला सांगतो का? प्राचीन काळाची साधने इतकी तुटपुंजी आहेत की एखादा शिलालेख, काही नाणी आणि एखाद्या परदेशी प्रवाशाचे वर्णन एवढ्यावर अख्खे चरित्र उभे असते. पुस्तकाची पहिली वीसएक पाने चाळावीत. त्यांत लेख, नाणे, बखर, पत्र यांपैकी कशाचाही उल्लेख नसेल आणि राजाच्या मनातले विचार मात्र ओळीने येत असतील, तर ते पुस्तक सुरुवातीसाठी घेऊ नये.

या कसोटीला उतरणाऱ्या छोट्या पुस्तकांसाठी दोन मालिका आधी पाहाव्यात. नॅशनल बुक ट्रस्टची राष्ट्रीय जीवनचरित्रमाला आणि साहित्य अकादमीची ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ ही त्यांची नावे. पहिलीत राज्यकर्ते, विचारवंत आणि संत भेटतात, तर दुसरीत कवी आणि ग्रंथकार. सगळीच पुस्तके सारख्या तोलाची नाहीत, पण बहुतेक त्या त्या विषयाच्या जाणकारांकडून लिहवून घेतलेली आहेत आणि एका आठवड्यात वाचून होतात. वाचताना एखादे नाव अडले तर मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे.

प्राचीन काळात सुरुवात अशोकापासून करावी, कारण त्याचे स्वतःचे शब्द दगडावर शिल्लक आहेत. ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने वाचली, पण लेखांतला ‘देवांचा प्रिय प्रियदर्शी राजा’ म्हणजेच अशोक, याची पक्की खूण १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यातील मस्कीच्या लेखाने पटवली. तेराव्या शिलालेखात तो सांगतो की कलिंगाच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख पकडून नेली गेली आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. हे सर्वांना ठाऊक असते. मात्र खुद्द कलिंगात, म्हणजे ओडिशातील धौली आणि जौगड येथे, हा लेख कोरलेलाच नाही. त्याच्या जागी अधिकाऱ्यांनी प्रजेशी न्यायाने वागावे अशी ताकीद देणारे वेगळे लेख आहेत. जिंकलेल्या लोकांसमोर राजाने आपला पश्चात्ताप का मांडला नसेल, हा प्रश्न जे पुस्तक वाचकासमोर ठेवते ते पुस्तक मला चांगले वाटते. रोमिला थापर यांचा अशोकावरील ग्रंथ मराठीत आला आहे. तो प्राथमिक नाही, म्हणून दुसऱ्या टप्प्यावर घ्यावा. अशोकाच्या लेखाचे तुकडे आपल्या महाराष्ट्रात सोपाऱ्यालाही सापडले आहेत.

त्यानंतर उत्तरेतील कनौजचा सम्राट हर्षवर्धन आणि दक्षिणेतील बादामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यांची चरित्रे एकापाठोपाठ वाचावीत. बाणभट्टाचे ‘हर्षचरित’ हे हर्षाच्या आश्रयाला असलेल्या कवीने लिहिलेले अलंकारिक गद्य आहे आणि हर्षाला त्याची बहीण राज्यश्री विंध्याच्या अरण्यात सापडते तिथेच ते थांबते, त्यामुळे या दोघांत दक्षिणेकडे झालेल्या युद्धाबद्दल त्यातून काहीच हाती लागत नाही. ते युद्ध कळते कर्नाटकातील ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरील शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५ च्या लेखातून. तो रविकीर्तीने रचला. त्यात हर्षाचे हत्ती रणात पडले आणि तो भयभीत झाला असे म्हटले आहे, आणि पुलकेशी ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी झाला असेही. पण रविकीर्ती हाही पुलकेशीच्याच आश्रयाला होता, मग त्याच्यावर तरी का विसंबावे? इथे चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग उपयोगी पडतो. हर्षाने त्याचा मोठा सन्मान केला होता आणि हर्षाबद्दल त्याला मनापासून आदर होता. तरीही महाराष्ट्राच्या राजाने हर्षाचे वर्चस्व मानले नाही, हे त्याने लिहून ठेवले आहे. ज्याला हर्षाची बाजू घेण्याचे कारण होते त्यानेच हे सांगितल्यामुळे पुलकेशीच्या विजयाला बळकटी येते. ऐहोळे कोल्हापूरहून एका मुक्कामात पाहून येण्यासारखे आहे. पुस्तक वाचून झाल्यावर अवश्य जावे.

आपल्याच शहरातला इतिहासही किती दूरवर पोहोचतो हे पाहायचे असेल तर टाऊन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती पाहावी. सातवाहनकाळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ती खूण आहे, आणि ती पाहिल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव केवळ वंशावळीतले राहत नाही. सातवाहनांवर आणि पुढे कोल्हापूरच्या शिलाहारांवर वा. वि. मिराशी यांनी मूळ लेखांसह मराठीत ग्रंथ लिहिले. ते अभ्यासकांसाठी आहेत, पण पन्हाळ्याचा दुसरा भोज कोण आणि देवगिरीच्या सिंघण यादवाने त्याचे राज्य कसे संपवले, एवढा भाग कोणत्याही वाचकाला झेपतो.

मध्ययुगाकडे वळताना शिवाजी महाराजांपासून सुरुवात करणे स्वाभाविक आहे, आणि अडचणही तीच, कारण पुस्तके अमाप आहेत. सेतुमाधवराव पगडी यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी लिहिलेले आटोपशीर चरित्र मी प्रथम सुचवीन. फारसी कागदपत्रे स्वतः वाचलेल्या माणसाचा संयम त्यात आहे. सोबत सभासदाची बखर वाचावी. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिलेली ही बखर लहान आहे, तिची जुनी मराठी थोड्या सरावाने उलगडते, आणि महाराजांच्या कारकिर्दीतल्या सेवकाने सांगितलेली कथा ऐकण्याचे समाधान दुसऱ्या कशात नाही. कोल्हापूरचे गोविंद पानसरे यांची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका भाषणातून झालेली आहे. घटनाक्रमासाठी नव्हे, तर महाराजांचा रयतेशी असलेला संबंध समजण्यासाठी ती वाचावी.

अकबराबद्दल एवढेच सांगतो की दरबारी इतिहासकार अबुल फजलच्या स्तुतीइतकीच त्याच दरबारातल्या बदायुनीची कडवट टीकाही ज्यात आली आहे असे चरित्र घ्यावे. बदायुनीने ती गुपचूप लिहिली होती आणि अकबर गेल्यानंतरच ती उघडकीला आली.

थोर व्यक्ती म्हणजे राजेच, असा समज अशा वाचनातून सहज होतो. तो होऊ नये म्हणून महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे ‘लीळाचरित्र’ यादीत हवेच. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी विचारून आणि त्या स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेऊन हा ग्रंथ सिद्ध केला. मराठीतले हे पहिले चरित्र ‘कोणी पाहिले, कोणी सांगितले’ याची एवढी काळजी घेते, याचा मला फार अभिमान वाटतो. संपूर्ण ग्रंथ मोठा आहे. निवडक लीळा टिपांसह देणारी आवृत्ती पाहावी.

आता कादंबऱ्यांविषयी. कोवाडचे रणजित देसाई आणि आजऱ्याचे शिवाजी सावंत हे दोघेही आपल्याच जिल्ह्याचे, आणि त्यांच्यामुळे किती घरांत इतिहास पोहोचला हे आपण जाणताच. त्या वाचू नयेत असे मी म्हणणार नाही, पण त्यांतले संवाद आणि मनोगते लेखकांची आहेत, आणि पुढे आपणच ती पुरावा म्हणून सांगू लागतो. ‘छावा’ वाचायची असेल तर आधी कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ वाचावे. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मधील संभाजीचरित्र आणि हे पुस्तक, या दोन्हींनी बखरींतून रुजलेली संभाजी महाराजांची प्रतिमा कागदपत्रांच्या आधारे तपासली आहे.

सुरुवातीला एकच पुस्तक हवे असेल तर जयसिंगराव पवार यांनी लिहिलेले महाराणी ताराबाईंचे चरित्र आणावे. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यानंतर औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, त्यांनी मोगलांशी युद्ध चालवले, आणि त्यांच्या कर्तृत्वाची कबुली खाफीखान या मोगल बाजूच्या इतिहासकाराने दिली आहे. करवीरच्या गादीचा आरंभही त्यांच्यापासूनच. दुकानात प्रत मिळाली नाही तर करवीर नगर वाचन मंदिरात विचारावे. १८५० पासून चालत आलेल्या या वाचनालयात छापील आवृत्ती संपलेली अशी इतर पुस्तकेही मिळण्याची शक्यता अधिक आहे.