लेथवरचा लोखंडी कीस विहिरीत टाकला तर ट्रायक्लो निघून जाईल का?

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या अंबडला शेजारच्या जुन्या वर्कशॉपमध्ये पार्ट धुवायला वापरलेलं ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजेच ट्रायक्लो, जमिनीत मुरलंय, तर विहिरीत लोखंडाचा कीस टाकून पाणी सुधारेल का.

कृपा करून टाकू नका. लोखंडानं ट्रायक्लो मोडतं हे तुम्ही ऐकलंय ते मात्र खरं आहे. लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं आणि ट्रायक्लोच्या रेणूतला क्लोरीन सुटतो. शेवटी उरतात इथीन, इथेन हे वायू आणि साधं क्लोराइड. कॅनडात बोर्डन इथे १९९१ साली वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी लोखंड आणि वाळूची भिंत जमिनीखाली, वाहत्या भूजलाच्या वाटेत उभी केली. तिच्यातून पार होताना सुमारे ९० टक्के ट्रायक्लो गेलं.

पण तिथं पाणी लोखंडातून सावकाश झिरपत होतं. उघड्या विहिरीत हवेतला ऑक्सिजनच लोखंड खाऊन टाकतो. लेथच्या किसाला कटिंग ऑइल चिकटलेलं असतं, ते वेगळंच. आणि प्रक्रिया अर्धवट राहिली तर व्हिनाइल क्लोराइड उरू शकतं, ते ट्रायक्लोपेक्षाही घातक.

आपल्या नाशिकची खरी अडचण खाली आहे. मुरमात चर खणून भिंत घालता येईल, पण ट्रायक्लो पाण्याच्या जवळपास दीडपट जड. ते मुरूम ओलांडून काळ्या पाषाणाच्या भेगांत उतरतं. बोअरमधून नॅनो लोखंड, म्हणजे लोखंडाचे अतिसूक्ष्म कण, सोडता येतं, पण त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि फार तर काही मीटर जातात. योग्य भेग सापडली नाही तर सगळा खर्च पाण्यात.

म्हणून आधी तपासणी. मी भूजलाचे नमुने घेतो. ४० मिलीची काचेची कुपी काठोकाठ, पाणी फुगून वर येईपर्यंत भरायची, झाकण लावून उलटी करायची, बोटानं टिचकी मारायची. बुडबुडा दिसला की ओतून परत भरायची, कारण ट्रायक्लो त्या हवेत निसटतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना नेऊ नका.

तोवर ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला वापरू नका, अंघोळीसाठी तापवूही नका. उकळलं की वाफेबरोबर ते घरात पसरतं, आणि ते कर्करोगकारक आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

आणि वर्कशॉपमधला एखादा जुना कामगार गाठा. डीग्रीजिंगची, म्हणजे पार्टवरचं तेल-ग्रीस काढायची टाकी कुठे होती आणि तिचा गाळ कुठे ओतायचे, एवढं त्याला विचारा. पहिलं बोअर तिथेच घ्यायचंय.