मायक्रोसॉफ्ट पुण्यात येतंय म्हणून रान विकू नका

बार्शी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाला सीईटीला ८६ पर्सेंटाइल, कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या राउंडला सोलापूरच्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकल लागलंय, पण वडिलांना पुण्यातच कॉम्प्युटर पाहिजे. कारण मायक्रोसॉफ्टनं हिंजवडीत जागा घेतलीय, हजारो कोटी लावतायत, भरती निघणारच, पोरगं जवळ असलेलं बरं. एजंट म्हणतो फी सोडून वरचे ८ लाख द्या, सीट करून देतो. त्यासाठी रोडटच एक एकर विकायचं चाललंय. मुलगा मात्र ऐकत नाही, मामाच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात पडून असतो, आणि पंधरा दिवस झाले वडील उठल्याशिवाय जेवायला बसत नाही.

नमस्कार दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पानभर कंपनीबद्दल आहे आणि मुलाबद्दल चार ओळी, त्याही तक्रारीच्या. त्यातली एक ओळ अशी की तो दुकानात वही घेऊन बसतो, कुठल्या मोटारीला किती टर्न, किती गेजची तार, भरून दिलेली मोटर किती दिवसात परत जळून आली, हे लिहीत राहतो. दादा, मी तिथंच थांबलो बघा. अठरा वर्षाचं पोरगं, कुणी सांगितलेलं नसताना, परत आलेल्या मोटारींची नोंद ठेवतंय, का जळली ते शोधतंय, फेज गेला होता का, स्टार्टर डायरेक्ट केला होता का. माझ्याकडे थर्ड इयरची पोरं येतात ज्यांनी मल्टिमीटर फक्त प्रॅक्टिकलच्या दिवशी हातात धरलेला असतो. तुमच्या घरात वही आहे आणि तुम्ही ती उघडून बघितलेली नाही.

मला त्याच्या मार्कांची काळजी वाटत नाही, त्या ताटाची वाटते. तो तुमच्यावर रुसलाय असं तुम्ही म्हणताय, मला तर तो घाबरलेला वाटतो. आपल्यापायी रान चाललंय हे त्याला कळतंय. उद्या एखादा विषय राहिला तरी त्याला ते एक एकर दिसणार आणि तो तुम्हाला फोन करणार नाही. अशी पोरं मी बघितलीत, बॅक लागलेली घरी सांगत नाहीत, कॉलेजला जात नाहीत, पुण्यात रूमवर दिवसभर पांघरूण घेऊन झोपून राहतात, आणि घरच्यांना कळतं तेव्हा दोन वर्षं गेलेली असतात. तुम्ही वाईट बाप नाही हो, पण हे दडपण तुम्ही टाकताय, आणि ते उचलायचं काम पण तुमचंच आहे.

आता कंपनीचं. डिसेंबर २०२५ मधे मायक्रोसॉफ्टनं भारतासाठी साडेसतरा अब्ज डॉलर जाहीर केले, २०२६ ते २०२९ या काळात, म्हणजे दीड लाख कोटींच्या वर. आकडा खरा आहे, पण एवढे कोटी म्हणजे तेवढ्या नोकऱ्या हा हिशोब चुकीचा आहे आणि तुमच्यासारखे कितीतरी पालक तो करतायत. त्यातला मोठा पैसा क्लाउड आणि एआयच्या डेटा सेंटरसाठी आहे. डेटा सेंटर म्हणजे सर्व्हरच्या रांगा, चिलर, यूपीएस, बॅटऱ्या, डिझेल जनरेटर. पैसा जागेत, चिपमधे, विजेत आणि थंडाव्यात जातो, बांधताना माणसं भरपूर लागतात पण एकदा चालू झालं की पाळीला मोजकीच. पुण्यातनं त्यांची क्लाउड सेवा २०१५ पासूनच चालू आहे, तुमच्या ओळखीतलं कोणी तिथं लागलं का, आठवून बघा. कोडिंगवाल्या नोकऱ्यांचं मोठं ठिकाण हैदराबाद, तिथलं डेव्हलपमेंट सेंटर १९९८ चं. सगळ्या देशात मिळून त्यांची माणसं बावीस हजारांच्या आसपास, आणि आपल्या एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी लाखाच्या वर पोरं इंजिनिअरिंगला जातात. त्यात २०२५ च्या मे आणि जुलैमधे मिळून त्यांनी जगभरातनं पंधरा हजारांच्या आसपास लोक कमी केले. नोकरी देताना ते परीक्षा घेतात, कोडिंगच्या फेऱ्या घेतात, कॉलेज हिंजवडीच्या गेटपासून किती लांब आहे याचा त्यात काही संबंध नाही. आणि त्या कंपनीचे प्रमुख सत्या नाडेला मणिपालला इलेक्ट्रिकल शिकलेत, हे तुम्हाला एजंटनं सांगितलं नसणार.

डेटा सेंटरच्या इमारतीत शिरायला वीजवाल्या माणसाला उलट जास्त वाव आहे. माझा एक डिप्लोमाचा विद्यार्थी नवी मुंबईत अशाच एका डेटा सेंटरला शिफ्टमधे असतो. तो सांगत होता, रविवारी पहाटे मुद्दाम मेन सप्लाय पाडून बघतात, जनरेटर लोड घेईपर्यंत सगळं बॅटरीवर असतं, तेवढे काही सेकंद हा पॅनलसमोर उभा, नजर मीटरवर, हाताला घाम. पण खरं ते सांगतो, गळ्यात मोठ्या कंपनीचं आयकार्ड नाही, तो व्हेंडरच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या पेरोलवर आहे, रात्रपाळी आहे, सुरुवातीचा पगार कमी होता. तरी काम येतं म्हणून त्याला तीन वर्षात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं.

सोलापूरची सीट राउंडची तारीख जायच्या आत फी भरून पक्की करा, कोडिंगची आवड लागली तर ते इलेक्ट्रिकल करता करता पण शिकेल, पुढं एम.टेकसाठीची गेट परीक्षा आहे, महावितरणची भरती आहे.

वरच्या ८ लाखांचं म्हणाल तर फीच्या वर असे पैसे घेणं आपल्याकडे १९८७ पासून कायद्यानं गुन्हा आहे. म्हणूनच त्याची पावती मिळत नाही, आणि सीट नाही झाली तर तुम्ही कुणाकडे जाणार?

आज संध्याकाळी मामाच्या दुकानावर जा. कॉलेजचा विषय काढू नका, ती वही मागा आणि एखादी मोटर परत का जळून आली एवढंच विचारा, तो बोलेल. मग दोघं बरोबर घरी या आणि एका वेळी जेवायला बसा, रान विकत नाही हे तिथंच सांगा. एजंटला टोकन दिलं असेल तर उद्याच परत मागा, टाळाटाळ केली तर मला लगेच कळवा.