आजीचं 'येतो'

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज परतीच्या ट्रेनमध्ये ऐकला. तीनदा ऐकला, कारण वाटेत बोगदेच बोगदे. "आई, आजी कपिलेश्वराला निघताना 'येतो गं, गॅस बघ' म्हणते. ती जात असते, येत नसते. आणि ती बाई आहे, मग 'येतो' कसं? एका शब्दात दोन चुका!" शाळेत बाईंनी 'येते' लिहायला लावलं, तेव्हापासून तू आजीच्या मागे लागली आहेस म्हणे. फोनवर आजी मध्येच बोलते, म्हणून लिहितेय.

आधी मी कुठे होते ते सांगते, कारण तुझं उत्तर मला तिथे सापडलं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने शनिवार-रविवारी आईवडिलांच्या घरी बोलावलं होतं. म्युनिकहून ट्रेनने चार तास, ब्रेनरची खिंड ओलांडली की इटली. उतरले त्या स्टेशनच्या पाटीवर गावाची दोन नावं: इटालियनमध्ये बोल्झानो, जर्मनमध्ये बोत्सेन. बघून मला हसू आलं. दोन नावांच्या गावातूनच आलेय ना मी! आपण बेळगाव म्हणतो, पाटीवर बेळगावी.

हा भाग साउथ टिरोल. पहिल्या महायुद्धाआधी ऑस्ट्रियात होता, 1919 च्या तहाने इटलीकडे गेला. मैत्रिणीची पणजी जन्मली ऑस्ट्रियात, वारली इटलीत, घर मात्र तेच. आपल्या आजीचंही तसंच. तिचा जन्म मुंबई राज्यातला. 1956 साली ती तीन वर्षांची होती, तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आजी गल्लीतून हलली नाही, राज्य हललं. तिथेही पुढे बरंच झालं. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा लोक घरात लपूनछपून मुलांना जर्मन शिकवायचे. आता दोन्ही भाषांच्या शाळा आहेत, शिवाय डोंगरातली लादीन ही तिसरी भाषाही शिकवतात. पाट्यांवरून आपल्याकडे काय होतं ते तू पाहतेसच. मोठी झालीस की त्यावर बोलू.

शनिवारी रोपवेने वर रिटनच्या डोंगरावर गेलो. तिथे मातीचे उंच उंच सुळके आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक धोंडा. पावसाने आजूबाजूची माती वाहून जाते, धोंड्याखालची तेवढी टिकते. एखाद्याचा धोंडा पडला की तो सुळका पावसात हळूहळू विरघळतो. फोटो पाठवते. बर्फात सापडलेला 5300 वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, खाली बोल्झानोच्या म्युझियममध्ये काचेतून पाहिला. थंडी लागू नये म्हणून त्याने बुटात सुकं गवत भरलं होतं, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

बाकी वेळ आम्ही नुसते बसलो. ऑक्टोबर, सफरचंदांची तोड चालू. झाडं बुटकी, तारेला बांधून ओळीत लावलेली, फळं उभ्या उभ्या तोडता यावीत अशी. संध्याकाळी तिच्या वडिलांनी भोकं पाडलेल्या तव्यात चेस्टनट भाजले. सगळे शेकोटीभोवती, बोटं काळी, गप्पांना अंत नाही. अगदी आपल्या हुरड्यासारखं. जेवायला तिच्या आईने केलेले शिळ्या पावाचे उकडलेले लाडू. शिळ्या भाकरीचा कुस्करा करणारी आजी त्या बाईंना लगेच मैत्रीण म्हणाली असती.

गंमत पुढेच. मैत्रीण आईशी जर्मन बोलते आणि त्याच ताटावरून मान वळवून वडिलांशी इटालियन. आपण भाषा बदलली हे तिला कळतही नाही. आजी भाजीवालीला कन्नडमध्ये "येष्टु?" (किती?) विचारते आणि त्याच दमात तुला "पिशवी धर की" म्हणते, तसंच.

निघताना दारात तिची आई म्हणाली, "फिअट दी", म्हणजे देव तुला सांभाळो. वडील म्हणाले, "अरिवेदेर्ची", म्हणजे पुन्हा भेटू. 'जा' कोणीच म्हणालं नाही. (इटालियन लोक येतानाही 'चाव' म्हणतात आणि जातानाही. त्याचा मूळ अर्थ 'मी तुमचा दास'! इतका नम्रपणा आपल्यातही नाही.)

तर तुझी पहिली चूक. आपल्याकडे 'गेला' हा शब्द माणूस वारल्यावरही वापरतात, म्हणून उंबऱ्यावर तो टाळायचा. नारळ 'वाढवतो', फुटलेली बांगडीही 'वाढली' म्हणतो, तीच रीत. शेजारच्या काकू कन्नडमध्ये "होगि बर्तीनि" म्हणतात ना? म्हणजे जाऊन येते. त्या दोन्ही क्रियापदं बोलतात, आजी अर्धंच बोलते, पण महत्त्वाचं अर्धं. 'जाते' म्हटल्याने काही वाईट घडतं असं मला वाटत नाही. पण मागे राहणाऱ्याच्या कानावर शेवटचा शब्द परत येण्याचा पडावा, हे मला पटतं.

दुसरी चूक तर चूकच नव्हे. कोल्हापूरपासून बेळगाव-खानापूरपर्यंत कितीतरी बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. कन्नडमध्येही 'मी येतो' आणि 'मी येते' याला एकच रूप, 'बर्तीनि'. इतकी वर्षं शेजार म्हटल्यावर एवढी देवघेव होणारच, असं मला वाटतं. परीक्षेत 'येते' लिही, मार्क त्यालाच आहेत. आजीला मात्र दुरुस्त करू नकोस. मी पुण्यात शिकायला गेले तेव्हा हॉस्टेलवर माझ्या 'जेवतो'ला मुली इतक्या हसल्या की आठवड्यात मी 'जेवते' म्हणायला लागले. पुढे सुट्टीत घरी आले तर आजीने विचारलं, "कुणासारखी बोलायलीस गं?"

इकडे यायला निघाले तो दिवस तुला आठवतो? तू झोपेत होतीस. सांबऱ्याला विमान पहाटेचं, रिक्षा खाली हॉर्न देत होती. गडबडीत मी म्हटलं, "जाते गं मी." आजीने हात धरून परत आत नेलं, पाटावर बसवलं, हातावर पुन्हा दहीसाखर ठेवली. मी म्हटलं, "बरं, येते." तरी हात सोडेना. "नीट म्हण." मग म्हटलं, "येतो." तेव्हा कुठे सोडलं.

मैत्रिणीच्या आईने निघताना जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली आहे. मुरंबा अर्धा संपलाही. बरणी रिकामी परत द्यायची नाही, म्हणजे पुन्हा जाणं आलंच. आजीला विचार, कुंदा पोस्टाने पाठवला तर किती दिवस टिकेल? नसेल टिकत तर मेतकूट पाठवायला सांग.

तुझी,
आई