गोल्फच्या जुन्या 3 आणि 4 नंबरच्या आयर्नऐवजी कोणते युटिलिटी आयर्न घ्यावे?

तुम्ही लिहिले आहे की गोल्फच्या जुन्या ब्लेड (पातळ, भरीव डोक्याच्या) संचातील 3 आणि 4 नंबरच्या आयर्नने चेंडू उचलला जात नाही, 7 नंबरने साधारण 150 यार्ड कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) मिळते, खेळणे बहुतेक नागपुरातच होते, आणि युटिलिटी आयर्न 18 अंशांच्या लॉफ्टचे (क्लबच्या पुढच्या भागाच्या तिरकेपणाचे) घ्यावे की 21 अंशांचे, हे ठरत नाही. या दोहोंतून निवडायचे तर 21 अंशांचे घ्यावे. मात्र त्याआधी युटिलिटी आयर्न मुळात तुमच्या कामाचे आहे का, हे तपासून घ्या. दुकानात हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

युटिलिटी आयर्न आतून पोकळ असते, त्याचा फेस (चेंडूला लागणारा पृष्ठभाग) पातळ आणि सोल (तळ) रुंद असतो, आणि पुष्कळ मॉडेलांत तळाशी टंगस्टनचे वजन बसवलेले असते. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली व थोडा मागे जातो, चेंडू तुलनेने लवकर वर चढतो आणि फटका मध्यापासून सरकला तरी अंतर फारसे घटत नाही. तरीही उंची शेवटी क्लबच्या वेगातूनच येते. ट्रॅकमॅन या फटके मोजणाऱ्या रडार यंत्राच्या पीजीए टूरविषयीच्या (अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या) जुन्या सरासरी आकड्यांत 3 नंबरच्या आयर्नचा वेग ताशी 98 मैल आणि कॅरी 212 यार्ड अशी नोंद होती. तुमच्या 7 नंबरच्या कॅरीवरून तुमचा वेग त्याहून दहाएक मैलांनी कमी असावा, आणि म्हणूनच मी 18 अंशांचा विचार सोडून द्यायला सांगतो आहे.

तपासणी सोपी आहे. सरावाच्या रेंजवर एकाच प्रकारचे चेंडू घेऊन 5 आणि 4 नंबरने आळीपाळीने मारा आणि चेंडू कुठे थांबतो ते न पाहता पहिला टप्पा कुठे पडतो ते पाहा. फेसवर टाल्कम पावडरचा हलका थर दिलात तर प्रत्येक फटक्याचा ठसा उमटतो. तो दर वेळी पुसून नवा थर द्यावा. ठसे टो (फेसचे बाहेरचे टोक) आणि हीलकडे (दांड्याजवळच्या बाजूला) विखुरलेले असतील, पण मध्यभागी बसलेला फटका व्यवस्थित चढत असेल, तर युटिलिटी आयर्नचा तुम्हाला खरा उपयोग होईल. उलट ठसे मध्यभागी असूनही 4 नंबरचा चेंडू 5 नंबरच्याच आसपास पडत असेल, तर अडचण वेगाची आहे. मग हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधल्या घडणीचा क्लब) किंवा 21 अंशांच्या जवळपासचे 7 नंबरचे वूड (मोठ्या, पोकळ डोक्याचा क्लब) घेणे शहाणपणाचे, कारण त्यांचा गुरुत्वमध्य आणखी मागे असतो. लांब रफमधूनही (वाढलेल्या गवतातूनही) हायब्रिड अधिक सहज निघते. ज्यांचा चेंडू आधीच डावीकडे वळतो, अशा उजव्या हाताच्या खेळाडूंना मात्र हायब्रिड अनेकदा त्रास देते आणि युटिलिटी आयर्न मानवते.

आता नागपूरचा विचार. उन्हाळ्यात आपली काळी माती आकसून भेगाळते, फेअरवे (कापलेल्या गवताचा मुख्य पट्टा) कडक होतो आणि खालून गेलेला चेंडूही घरंगळत बराच पुढे जातो. 2006 मध्ये इंग्लंडमधील हॉयलेकच्या रॉयल लिव्हरपूलवर मैदान असेच वाळून कडक झाले होते. तेथे टायगर वुड्सने चारही दिवसांत ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) एकदाच वापरला आणि टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, लांब आयर्न मारत ओपन स्पर्धा जिंकली. आपल्याकडे मे महिन्यात युटिलिटी आयर्न टीवरून नेमके हेच काम करते. पावसाळ्यात हा रोल नाहीसा होतो आणि निव्वळ कॅरी उरते, तर डिसेंबरच्या पहाटे दाट हवेत कॅरीही थोडी घटते. म्हणून मे महिन्यात घेतलेल्या मापांवर खरेदी करू नये. भिजलेल्या मातीत रुंद सोल कमी रुतते, हा एक फायदा आहेच. चिखल ग्रूव्हमध्ये (फेसवरच्या खाचांत) घट्ट बसतो, तेव्हा टॉवेल मात्र हाताशी असू द्या.

सोलवरील आकड्यावर विसंबू नका, लॉफ्ट विचारा. जुन्या संचात 5 नंबर साधारण 27-28 अंशांचे असते, आजच्या अनेक संचांत ते 24 किंवा त्याहूनही कमी असते. तुमचा संच जुना असल्याने 28 वरून थेट 21 वर गेलात तर मध्ये मोठे अंतर रिकामे राहील. मी तुमच्या जागी असतो तर 4 नंबरच्या जागी 24 अंशांचे हायब्रिड आणि 3 नंबरच्या जागी 21 अंशांचे युटिलिटी आयर्न ठेवले असते. क्लबांची संख्या तेवढीच राहते, म्हणजे बॅगेतील 14 क्लबांची मर्यादाही ओलांडली जात नाही.

शाफ्टच्या (दांड्याच्या) वजनाकडे लोक फार दुर्लक्ष करतात. तुमच्या आयर्नमध्ये 120 ग्रॅमचे स्टील असेल तर 60-65 ग्रॅमचा ग्राफाइट शाफ्ट हातात एकदम परका वाटतो आणि लय बिघडते. 85 ते 100 ग्रॅमच्या दरम्यानचा पाहावा. मॉडेल निवडताना दिसण्यावर भाळू नये. टायटलिस्टच्या 2019 मधील जोडीत यू500 सडपातळ आणि यू510 रुंद सोलचे होते. तुमच्यासारख्या खेळाडूला दुसऱ्या, म्हणजे यू510 सारख्या घडणीचे चालेल.

वापरलेले घेणार असाल तर फेसवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून तो आत दबलेला नाही ना ते पाहा, आणि क्लब कानाजवळ हलवून आत काही खुळखुळते का ते ऐका. पातळ फेस आणि पोकळ डोके यांतले दोष बाहेरून चटकन दिसत नाहीत, आणि ते दुरुस्तही सहसा होत नाहीत.