ट्रक ड्रायव्हरची पहिली केस हाती घेताना

सिव्हिल लाइन्स, नागपूर
रविवार

प्रिय बेटा,

शुक्रवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर तू विचारलंस, "सर, गांजा ट्रकमध्येच सापडला, ड्रायव्हर स्टेअरिंगवरच होता, मग बचावाला उरलं काय?" तेव्हा माझी केस पुकारली गेली आणि उत्तर राहून गेलं. तुझ्यामागे त्या ड्रायव्हरची बायको प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन उभी होती, ती मात्र डोळ्यांसमोरून हलली नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

दोषारोपपत्र तू फिर्यादीपासून वाचायला घेतलं असशील. ते बाजूला ठेव आणि आधी त्यातल्या सगळ्या वेळा एका कोऱ्या कागदावर उतरव. खबर किती वाजता मिळाली, स्टेशन डायरीत कधी चढली, पथक कधी निघालं, पंच कुठून आणले, ट्रक कधी थांबवला, वजन कधी झालं, सील कधी लागलं, मुद्देमाल मालखान्यात कधी जमा झाला, नमुना प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचला. मग त्याशेजारी टोलच्या नोंदी आणि ड्रायव्हरच्या मोबाइलचे कॉल मांड. माझ्या एका केसमध्ये पंचनामा म्हणत होता की रायपूरकडून आलेला ट्रक रात्री ९.४० ला पारडीजवळ अडवला. भंडारा रोडवरच्या टोलची नोंद होती १०.०५ ची. म्हणजे ज्या वेळी पंचांच्या सह्या झाल्या म्हणे, त्या वेळी ट्रक अजून टोलच्याही पलीकडे होता. उलटतपासात मी एवढंच विचारलं. संशयाचा फायदा मिळाला तो त्या पंचवीस मिनिटांमुळे.

नवे वकील पहिल्यांदा एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम ५० वर उडी मारतात. मीही मारली होती. सीटमागच्या पोत्यासाठी पाऊण तास युक्तिवाद केला की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क आरोपीला सांगितलाच नाही. न्यायाधीश साहेबांनी शांतपणे विचारलं, "अंगझडतीत काय सापडलं?" काहीच सापडलं नव्हतं. कलम ५० अंगझडतीपुरतं आहे. पिशवी, पोतं, गाडी त्यात येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये पवन कुमारच्या निकालात स्पष्ट केलंय. त्या पाऊण तासात माझ्या अशिलाचा खरा मुद्दा मांडायचा राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं. आरोपीच्या अंगावरच माल मिळाला असेल तर मात्र हे कलम फार मोलाचं आहे.

गाडीच्या केसमध्ये आधी कलम ४२ (इमारत, गाडी किंवा बंदिस्त जागेची झडती) की ४३ (सार्वजनिक जागेतली जप्ती) हे ठरव. आगाऊ खबर असेल आणि ४२ लागत असेल तर खबर लिहून घेणं आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवणं आलं. सार्वजनिक जागी जप्ती असेल तर ४३, तिथे ही अट नाही. हायवेवरच्या टँकरला २००४ च्या जर्नैल सिंग निकालात ४३ लागलं. पण २०२१ मध्ये बूटा सिंगच्या केसमध्ये रस्त्यावरची जीप खासगी होती म्हणून ४२ लागलं आणि आरोपी सुटले. तुझा ट्रक कुठे बसतो हे परमिट आणि आरसी बुक बघून ठरव, अंदाजाने नको.

आता खरा मुद्दा. गाडीत माल असणं म्हणजे ताबा नव्हे, माल आहे हे ठाऊक असणं हवं. कलम ३५ आणि ५४ मुळे आरोपीला हे ठाऊक होतं असं कोर्ट त्याच्याविरुद्ध गृहीत धरून चालतं आणि ते खोडायला भक्कम पुरावा लागतो, हे खरं. पण मुळात जप्ती आणि ताबा सरकारी पक्षाने आधी सिद्ध करायला हवा, हे नूर आगाच्या २००८ च्या निकालात आहे. म्हणून ड्रायव्हरला कलमांबद्दल विचारूच नकोस. ट्रक कुठे भरला? भरताना तू तिथे होतास की ढाब्यावर? ताडपत्री कोणी बांधली? बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) कोणता माल होता? पोती भाड्याच्या मालाखाली होती की केबिनच्या चोरकप्प्यात? भाडं नेहमीचंच ठरलं होतं की जास्त? गाडी थांबवल्यावर तो पळाला का? त्याच्याच सीटखाली पिशवी सापडली असेल तर 'मला माहीत नव्हतं' हे टिकणं अवघड आहे. ते त्याला तोंडावर सांग, खोटा दिलासा देऊ नकोस. आणि बिल्टी नसेल तर नसेल. मागाहून तयार केलेला कागद कोणी आणला तर त्याला हातही लावू नकोस. क्लीनरची बाजू वेगळी मांड. तो अनेकदा फक्त टायर तपासायला आणि झोपायला गाडीत असतो.

पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाने घाबरून जाऊ नकोस. कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्याने चौकशीत घेतलेल्या जबाबालाही कबुली म्हणून वापरता येत नाही, हे तोफान सिंगच्या २०२० च्या निकालाने पक्कं झालंय.

वजनाचं पान मात्र दोनदा वाच. गांजाची कमर्शियल क्वांटिटी (व्यापारी प्रमाण) २० किलोच्या वर सुरू होते. तिथून शिक्षा किमान १० वर्षं, आणि जामिनाला कलम ३७ ची भिंत. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलं-फळं असलेल्या शेंड्यांची आहे; शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. पंचनाम्यात '२१ किलो २०० ग्रॅम' दिसलं तर बघ: पोत्यासकट की पोत्याविना? पुड्यांची चिकटपट्टी काढून माल तोलला का? काटा कुणाचा होता? एका केसमध्ये मालखान्यात पोतं उघडलं तर निम्मं ओलसर पान आणि जाड काड्या निघाल्या. सी.ए. रिपोर्टमध्ये (रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात) मात्र 'गांजा' एवढाच एक शब्द होता.

नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतले की नाही हे कलम ५२अ खाली तपास. २०१६ च्या मोहनलाल निकालानंतर हा मुद्दा धारदार झाला, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एवढ्या एका त्रुटीने केस आपोआप पडत नाही. म्हणून सीलचा नमुना, मालखान्याची नोंद आणि प्रयोगशाळेची पोच यांच्याशी जोडूनच तो मांड. १ जुलै २०२४ नंतरची जप्ती असेल तर चित्रीकरण माग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ त्यासाठीच आहे.

पुढे कमर्शियल क्वांटिटीची एखादी केस दोषारोपपत्र येण्याआधीच हाती आली, तर कॅलेंडरवर १८० वा दिवस लाल पेनाने लिहून ठेव. तोवर दोषारोपपत्र आलं नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर तो दिवस संपताच दुसऱ्याच दिवशी डिफॉल्ट बेलचा (मुदतीत दोषारोपपत्र न आल्याने मिळणाऱ्या जामिनाचा) अर्ज दाखल कर. एक दिवस थांबलीस आणि तेवढ्यात दोषारोपपत्र आलं, तर तो हक्क गेला.

ट्रक ड्रायव्हरचा नसून मालकाचा असेल तर मालकाचा वकील वेगळा हवा, दोघांचं हित एक नाही. मालकाला कलम ६० खाली दाखवावं लागेल की गाडीचा हा वापर त्याच्या माहितीविना झाला आणि त्याने पुरेशी खबरदारी घेतली होती.

मंगळवारी जेलमध्ये जाशील तेव्हा त्याला सगळं त्याच्या भाषेत विचार, घाई करू नकोस. आणि परत येताना त्याच्या बायकोला पुढची तारीख तू स्वतः सांग, कारकुनावर सोडू नकोस. तिच्या पिशवीतले कागद मी अजून पाहिलेले नाहीत. त्यात टोलच्या पावत्या असतील तर संध्याकाळी माझ्याकडे घेऊन ये.

तुझा,
सर