कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू सारखं हातापायाला चावतं, ही सवय कशी मोडायची?

आधी एक सांगते, ते रागाने चावत नाही. पिल्लं भावंडांशी तोंडानेच खेळतात. एकाने जोरात चावलं की दुसरं कळवळून खेळ सोडतं, आणि त्यातूनच दाताला किती जोर द्यायचा ते कळतं. तुमचं पिल्लू आईपासून लवकर सुटलं असेल तर हा धडा आता घरच्यांनीच द्यायचा.

दात लागला की हात झटकू नका. हलणारी वस्तू पकडायला त्याला आणखी चेव येतो. हात सैल सोडा, खेळ तिथेच थांबवा, पाठ फिरवा, 20-30 सेकंद बोलूही नका. मग चावायचं खेळणं पुढे करा आणि ते धरलं की शाबासकी द्या. घरातल्या सगळ्यांनी हेच करायला हवं. बाबा हाताशी मस्ती करू देतात आणि आजीला चावलं की ओरडा बसतो, असं असेल तर त्या जिवाला काय कळणार? मारणं, तोंड दाबून धरणं कृपया नकोच. त्याने पिल्लू माणसाच्या हातालाच घाबरायला लागतं.

संध्याकाळी फार चावत असेल तर बहुधा झोप झालेली नसते. या वयात दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. साधारण 4 ते 6 महिन्यांत दुधाचे दात पडताना हिरड्या शिवशिवतात. तेव्हा ओला फडका पिळून, फ्रीझरमध्ये गार करून, समोर बसून चावू द्या.

पिल्लू चावून तुम्हाला रक्त आलं तर मात्र घरचंच आहे म्हणून सोडून देऊ नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.